घर हललं, पाटी तशीच राहिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत गेस्ट हाउससाठी तुम्ही १८९० च्या सुमाराचं एक लाकडी घर विकत घेताय. दाराशेजारी 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस'ची, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या वारसायादीची, पितळी पाटी आहे. पण २००८ मध्ये रस्ता रुंद करताना ते घर अख्खं उचलून दीड मैलावर नेऊन बसवलं. दर्जा कायम आहे, दुरुस्तीवर करसवलत मिळेल, असं विकणारा म्हणतो. बयाणा द्यावा का?

पाटी बघून तर मुळीच देऊ नका. ती सरकार देत नाही, मालक स्वतःच्या खर्चाने करून घेतो. शिवाय घर हललं म्हणून ती आपोआप गळून पडत नाही.

नोंद मात्र गळून पडते. संघराज्याच्या नियमावलीत (३६ सीएफआर ६०.१४) म्हटलंय की नोंदलेली वास्तू हलवली तर तिचं नाव आपोआप वगळलं जातं. एरवी वाचते ती एकाच वाटेने: हलवण्याआधी राज्याच्या वारसा जतन कार्यालयाने कागद पाठवून मंजुरी घेतलेली असेल तर. हलवण्याचं कारण काय, त्याने वास्तूच्या ऐतिहासिकतेला किती धक्का बसेल, नवी जागा कशी आहे, त्या जागेलाच काही ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय मोल नाही ना, हे सगळं त्यात लागतं, सोबत फोटोही. इथे 'आधी' हा शब्द कळीचा. नंतर केलेला पत्रव्यवहार ही नोंद वाचवत नाही.

तुमच्या बाबतीत आशेला एक जागा आहे. रस्त्याच्या कामात केंद्राचा पैसा असेल, तर राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ खाली (केंद्राच्या कामाचा वारसावास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणारं कलम) सल्लामसलत होऊन करारनामा झालेला असू शकतो. घर त्या करारानुसार हललं असेल, तर आपोआप वगळण्याला नियमात अपवाद आहे. म्हणून राज्य कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: मूळ नामांकन, २००८ पूर्वीचा पत्रव्यवहार आणि असल्यास तो करारनामा. नोंद आज जिवंत आहे की नाही, हेही लेखी घ्या. फोनवरच्या 'हो, असेल की' ला काही अर्थ नाही.

नोंद गेली असेल तर नव्याने नामांकन करता येतं, पण चढण आहे. हलवलेली वास्तू सहसा पात्र ठरत नाही. ती मुख्यतः स्थापत्यासाठी महत्त्वाची असावी लागते, किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी वा घटनेशी सगळ्यात घट्ट जोडलेली, टिकून राहिलेली वास्तू असावी लागते. तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं कोरीव लाकूडकाम मूळचं असेल, तर पहिला मुद्दा मांडून बघण्यासारखा आहे. फक्त 'गावातलं जुनं घर' एवढ्यावर भागणार नाही.

करसवलत २० टक्के, पाच वर्षांत विभागून, आणि तीही उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच. गेस्ट हाउस त्यात बसतं, पण इमारत प्रमाणित ऐतिहासिक वास्तू हवी. म्हणजे गाडी पुन्हा त्या नोंदीपाशीच येते. त्यामुळे खरेदीकरारात अट घाला: ठरलेल्या मुदतीत नोंद कायम असल्याचं राज्य कार्यालयाचं पत्र आलं नाही, तर बयाणा परत. विकणाऱ्याला स्वतःच्या शब्दावर भरवसा असेल तर तो सही करेल.

आणि शहराची वारसायादी वेगळी तपासा. नॅशनल रजिस्टर खाजगी मालकाला खाजगी पैशाने घरात बदल करण्यापासून अडवत नाही, शहराचा नियम मात्र साध्या खिडकीसाठीही परवानगी मागू शकतो. घर त्या यादीत जुन्या पत्त्यावर आहे, नव्या, की दोन्हीकडे नाही, हे सही करण्याआधी बघून घ्या.