सगळे फोटो क्लाउडवर टाकून फोनमधून काढून टाकू का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फोन भरलाय म्हणून फोटो क्लाउडवर टाकून फोनमधून काढावेत का, आणि घरासाठी क्लाउडवर चालणारा, म्हणजे रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणारा, कॅमेरा घ्यावा का. पहिल्याचं माझं उत्तर: काढा, पण आज नको.

क्लाउड मी रोज वापरतो. फोन हरवला तरी संपर्क, नोंदी, फोटो नव्या फोनवर परत येतात, ही सोय मी सोडणार नाही. पण सिंक (दोन्हीकडे सारखंच ठेवणं) वेगळं आणि बॅकअप (वेगळी जपून ठेवलेली प्रत) वेगळा, हे मला फार उशिरा कळलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी दोन वर्षांचे व्हिडिओ गॅलरीतून पुसले. क्लाउडवर आहेतच, अशी माझी समजूत. सेवा सिंकची होती, त्यामुळे फोनवरून गेले ते तिथूनही गेले. तीस दिवस ट्रॅशमध्ये होते. मी शोधायला गेलो तेव्हा दोन महिने उलटले होते. माझ्या आजीचा बोलतानाचा एकमेव व्हिडिओ त्यात होता. अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

म्हणून आधी तुमची सेवा कशी चालते ते बघा. गुगल फोटोजमध्ये फोनवरची जागा मोकळी करायचा वेगळा पर्याय आहे, त्याने फक्त फोनवरची प्रत जाते. आयक्लाउड फोटोजमध्ये मात्र एका उपकरणावर पुसलेला फोटो सगळीकडून जातो. तिथे जागा वाचवायची तर स्टोरेज ऑप्टिमाइझ करण्याची सेटिंग चालू करतात. मग मूळ फोटो सर्व्हरवर राहतो आणि फोनवर छोटी प्रत. हे चालू असताना फोन केबलने संगणकाला जोडून फोटो उतरवले, तर मूळ फाइल हाती येईलच असं नाही. पुष्कळ लोक इथे फसतात.

दुसरं, आजच्या दरावर आणि आश्वासनावर फार विसंबू नका. गुगल फोटोज 2015 मध्ये आलं तेव्हा ठरावीक दर्जाचे फोटो मोफत, हवे तेवढे ठेवता येत. 1 जून 2021 पासून नवे फोटो मोफतच्या 15 जीबीत मोजले जाऊ लागले, आणि त्या 15 जीबीत ईमेल आणि ड्राइव्हसुद्धा येतं. कंपनीने हे आधी कळवलं होतं, जुने फोटोही मोजले नाहीत. पण तोवर ज्यांचा सगळा संग्रह तिथेच होता त्यांना निवड कितीशी उरली होती? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ओंजळ कधी आवळेल हे आपल्या हातात नसतं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. फोटो निदान उतरवून घेता येतात. सर्व्हरवर अवलंबून असलेलं यंत्र सर्व्हर बंद झाला की निकामी. रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं चालवणारा हब होता, किंमत सुमारे 300 डॉलर. 2014 मध्ये गुगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने ती कंपनी घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. यंत्र धडधाकट, पण उपयोग शून्य. गुगलची स्टेडिया ही गेमसेवा 2019 ला सुरू होऊन जानेवारी 2023 मध्ये बंद झाली. तिथे लोकांना पैसे परत मिळाले, पण तसं प्रत्येक वेळी होईल हे धरून चालू नका.

तेव्हा मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग होणारा कॅमेरा घ्या. इंटरनेट बंद असताना तो रेकॉर्ड करतो का, आणि महिन्याचं शुल्क थांबवलं तर नेमकं काय बंद होतं, हे विकत घेण्याआधी विचारा. ऑनव्हिफ हे मानक पाळणारा मिळाला तर उत्तम, कारण तो सहसा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरलाही जोडता येतो. घराच्या आतल्या खोल्यांत मात्र क्लाउडचा कॅमेरा लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता फोटोंचं. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि क्लाउडवरून मूळ फाइल तिच्यावर उतरवा. गुगलचं टेकआउट (आपला सगळा डेटा एकदम उतरवून घ्यायची सोय) वापरलंत तर फोटोंसोबत जेसन फाइलही येतील. त्या कचरा समजून पुसू नका, तारीख आणि ठिकाणाची माहिती त्यांत असते. उतरवल्यावर सगळ्यात जुन्या वर्षातले चार-पाच फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ डिस्कवरून उघडून बघा. ते नीट चालले की मग फोन मोकळा करा.