कासवाला गोधडी नको, ऊब हवी

वाचकांचे प्रश्न : या वेळी थंडी आणि कासवं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. मे महिन्यात घर घेतलं तेव्हा परसातलं कासवही घरासोबतच आमच्याकडे आलं. सुल्काटा जातीचं आहे, नर, वजन साधारण ३० किलो. सासूबाई त्याला कासोबा म्हणतात, रोज सकाळी जास्वंदीची फुलं भरवतात. नोव्हेंबरात उत्तरेचा वारा सुटला आणि एका रात्रीत पारा ३ अंशांवर आला. आईंनी स्वतःची गोधडी त्याच्या पाठीवर घातली, वरून ताडपत्री. सकाळी हात लावला तर दगडासारखा गार. थेट दुपारी हलला. तो झोपला होता का? कासवं हिवाळाभर झोपतात ना? जुन्या मालकांनी ऊब देणारा एक लाल दिवा ठेवलाय, तो लावू का?
— एक वाचक, ऑस्टिन परिसर

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अंगावरची गोधडी काढून जनावराला घालणारं माणूस घरात आहे, म्हणजे कासोबा चांगल्या हातांत पडलाय. पण ती गोधडी आजच काढा.

गोधडी ऊब तयार करत नाही. आपण तिच्यात शिरतो, आपलं अंग तापलेलं असतं आणि ती ऊब गोधडी धरून ठेवते. कासवाचं तसं नाही. ते ऊब बाहेरून घेतं, उन्हातून, तापलेल्या मातीतून. संध्याकाळी अंगणातल्या फरशीवर गोधडी टाकून ठेवा आणि पहाटे तिच्याखाली हात घाला, काय ते कळेल. शिवाय सकाळी ती तशीच राहिली असेल, तर कोवळं ऊन त्याच्या पाठीपर्यंत पोचलंच नसणार. त्याला दुपार झाली त्याचं हे एक कारण असू शकतं.

तो झोपला नव्हता, गारठला होता. हा फरक मला फार महागात पडून कळला, म्हणून सविस्तर सांगते. आम्ही २००२ मध्ये ॲरिझोनात, फिनिक्सला आलो. पुढच्याच वर्षी घरात सुल्काटाचं पिल्लू आलं, भाकरीएवढं. कासवं थंडीत झोपतात असं मीही ऐकलेलं. ते कोपऱ्यात गप्प बसलं तेव्हा वाटलं, झोपलं असेल, उठवायला नको. जानेवारीत तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं. न्यूमोनिया. डॉक्टरांनी दर तिसऱ्या दिवशी पुढच्या पायात इंजेक्शन द्यायला शिकवलं आणि पुढचे कित्येक आठवडे मी ते देत राहिले. ते वाचलं. आज ते ४८ किलोचं आहे आणि हे लिहिताना खिडकीतून मला दिसतंय. पण ते तीन दिवस मी अजून विसरलेले नाही.

सुल्काटा हे सहाराच्या दक्षिण कडेचं, सेनेगल, माली, सुदान या कोरड्या पट्ट्यातलं जनावर. गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरच्या महाकाय कासवांनंतर आकारात याचाच नंबर. ते शीतनिद्रा घेत नाही. तिकडे ते जमिनीत खोल बीळ खणतं. वर ऊन असो की गारठा, बिळातली हवा फारशी बदलत नाही आणि मुख्य म्हणजे ती कोरडी असते. तुमच्याकडे मातीखाली लगेच चुनखडीचा खडक लागतो, बीळ जमत नाही, आणि थंडी पावसाला सोबत घेऊन येते. कोरडी थंड रात्र एखाद्या धडधाकट मोठ्या कासवाला निभावून नेता येते. ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते. त्यात कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला स्नायूचा पडदा (श्वासपटल) नसतो, जोर लावून खोकता येत नाही. आत साचलेला कफ आतच राहतो.

दुसरं पोटाचं. गवत पचवणारे जीवाणू त्याच्या आतड्यात असतात आणि ते उबेतच काम करतात. जनावर गार पडलं की खाल्लेलं तसंच पडून राहतं आणि कुजतं. म्हणून गार कासवाला प्रेमाने जास्त खाऊ घालू नका. आधी ऊब, मग जास्वंद. सासूबाईंना हे जरूर सांगा, कारण न खाणाऱ्याला भरवत राहण्याची आपल्या बायकांची सवय मला चांगली माहीत आहे.

आता घर. त्याला रात्रीची पेटी लागेल, आणि ती मोठी असून चालणार नाही. लोक ऐसपैस शेड बांधतात आणि मग वरची हवाच तापवत बसतात. तुमच्या कासोबाला चार फूट बाय चार फूट, उंची दोन-अडीच फूट पुरे. प्लायवुडची दुहेरी भिंत करा आणि मधे दोन इंची फोमची पाटी घाला. फोम आतून कुठेही उघडा राहू देऊ नका, कासवं तो चावून खातात. छपरातही फोम घाला, कारण ऊब वरच जाते. छप्पर बिजागरीवर उघडेल असं करा. आत वाकून साफ करायला लागतं आणि ३० किलोचं जनावर एखाद्या रात्री बाहेर काढावं लागलं, तर दारातून ते निघत नाही. तळ जमिनीपासून चार बोटं वर. दाराला शीतगृहाच्या दारावर असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या, एकीवर एक चढलेल्या. खाली कोरडं गवत, ओलं झालं की त्याच दिवशी बदलायचं.

लाल दिवा लावू नका. मोठ्या कासवाच्या पाठीचा उंच भाग दिव्याच्या अगदी जवळ येतो. तिथली ढाल भाजते आणि पोट गारच राहतं. त्यामुळे ते बाजूलाही सरत नाही. आणि गवतावर दिवा पडला तर पेटी पेटते. अशा आगी लागलेल्या आहेत, आणि आत जनावर असतं. तेल भरलेला विजेचा हीटर घ्या, खोलीत ठेवतात तो पन्हाळीदार. त्याच्यापुढे फळ्यांची मजबूत जाळी ठोका, नाहीतर कासोबा तो ढकलून आडवा करेल. खाली डुकरांच्या पिल्लांसाठी मिळते ती कडक, विजेवर तापणारी चटई अर्ध्याच भागात टाका, म्हणजे गरम वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल. दोन्ही थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होणाऱ्या खटक्यावर हवेत. त्याचा सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीवर बसवा, छताला लावलात तर तो खोटं बोलतो. पेटीत २७ अंश ठेवा, तुमच्या फॅरनहाइटमध्ये ८०. बाहेर थंडी कितीही पडो, आत २० च्या खाली जाऊ देऊ नका.

थर्मोस्टॅटवर विसंबून मी एकदा फसले. २००९ च्या डिसेंबरात पावसाचं पाणी बाहेरच्या सॉकेटात गेलं, जीएफसीआयने, म्हणजे ओल लागताच वीज तोडणाऱ्या सुरक्षा-खटक्याने, आपलं काम चोख केलं आणि वीज तोडली. मला पत्ताच नाही. सकाळी पेटीत ८ अंश. तेव्हापासून पेटीतल्या थर्मामीटरचा बिनतारी काटा माझ्या उशाशी असतो, २० च्या खाली गेला की वाजतो. हा खर्च टाळू नका. वायर जमिनीत पाइपमधून न्या, वरून लोंबकळणारी ते चावतं किंवा ओढतं.

संध्याकाळी किती वाजता आत घ्यायचं, हे घड्याळावर नाही, उन्हावर ठरवा. डिसेंबरात तुमच्याकडे साडेपाचला सूर्य मावळतो, पण परसातलं ऊन त्याच्या तासभर आधीच कुंपणाआड जातं आणि तिथून पुढे कासवाचे पाय जड होतात. एकदा जिथे अडकलं तिथेच रात्र काढतं. म्हणून चारला पेटीत. पहिले पंधरा दिवस ढकलून न्यावं लागेल. मग एक दिवस तो स्वतःच दारातल्या पट्ट्या सारून आत जाईल. माझ्याकडच्याने हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी स्वयंपाक टाकून बाहेर धावले होते.

आणि वीजच गेली तर? फेब्रुवारी २०२१ तुमच्याकडच्या शेजाऱ्यांना विचारा. पारा शून्याच्या खाली दहा अंशांहूनही उतरला होता आणि कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच थंडीत तुमच्याच राज्यातल्या साउथ पाड्रे आयलंडच्या किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवं गारठून लुळी पडली आणि लोकांनी ती गाड्यांतून आणून कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर ओळीने निजवली. पाण्यातलं असो की जमिनीवरचं, मराठीत आपण दोघांनाही कासवच म्हणतो, आणि थंडीपुढे दोघांची गत एकच. तुम्ही आजच ठरवून ठेवा : वीज जाताच कासोबा घरात, न्हाणीघरात. त्याच्यासाठी मोठं प्लास्टिकचं टब आणि उचलायला दोन माणसं हाताशी असू द्या. गॅरेजमध्ये ठेवून गाडी चालू करायची, हा विचारही नको. त्या विषारी धुराने त्या आठवड्यात माणसं गेली आहेत.

त्याला सध्या धाप, बुडबुडे काही नसतील तर घाबरू नका. एकदा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात, टूसॉनला असतो. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या दत्तक योजनेतून वाळवंटी कासव घेतलं. ऑक्टोबरपासून खाणं कमी झालं, आता बिळातून बाहेरच येत नाही. बिळात गरम चटई टाकली आहे, तरी येत नाही.
— एक वाचक, टूसॉन

उत्तर : चटई काढा. वरच्या उत्तरातलं तुमच्या कासवाला लागू नाही, उलट आहे. ते सोनोरा वाळवंटातलं आहे, इथलंच. मार्चपर्यंत त्याला झोपायचंच आहे. चटईने ते ना धड झोपेल ना धड जागेल. अंग अर्धं तापलेलं, पोट रिकामं, साठवलेली चरबी मात्र जळत राहील. फक्त एवढं पाहा की बिळाचं तोंड पावसाच्या पाण्याच्या वाटेत नाही. मोठा पाऊस झाला की बॅटरी घेऊन आत पाणी शिरलं नाही ना, बघून या. बाकी त्याला त्याच्यावर सोडा.

प्रश्न : आम्ही निफाडचे. थंडी वाढली की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो, मणी वाचावेत म्हणून. घरात एक चांदण्यांच्या पाठीचं कासव आहे, लक्ष्मी येते म्हणून पाहुण्यांनी दिलेलं. रात्री त्यालाही शेकोटीजवळ नेऊ का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, आपल्याकडे महादेवाच्या देवळात पाय धुऊन आत गेलं की पहिला हात कासवाला लागतो, जेजुरीला तर अंगणभर पितळी कासव आहे. त्यामुळे घरात कासव असावं असं वाटणं मी समजू शकते. पण तुमच्याकडचं हे स्टार कासव आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते घरी ठेवणं गुन्हा आहे, भेट मिळालं असलं तरी. बाजारात येणारी बहुतेक जंगलातून पोत्यांत भरून आणलेली असतात. २०१९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आहे.

बागेत किंवा ओढ्याकाठी सोडून देऊ नका. ते तिथलं नाही आणि दुकानातला आजार सोबत घेऊन जाईल. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या. उद्याच. तोवरच्या एका रात्रीसाठी घरातल्या उबदार खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कागद टाकून ठेवा. शेकोटीजवळ अजिबात नेऊ नका. द्राक्षाला धूर चालतो, कासवाच्या छातीला नाही. आणि खोक्याला हवेसाठी चार भोकं पाडायला विसरू नका.