डी नदीकाठून: वाचकांचे प्रश्न

(स्कॉटलंडमधल्या बँकरी गावात स्थायिक झालेल्या आमच्या स्तंभलेखकाची उत्तरं)

प्रश्न: मुलगा अबर्डीनला असतो. तिथले लोक म्हणे कमरेइतक्या गार पाण्यात उभं राहून सॅमन पकडतात आणि परत सोडतात. खायचा नाही तर गरवायचा कशाला? – एक वाचिका, मालवण

उत्तर: ताई, बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेल्याला हे पटायला वेळ लागतोच. पूर्वी इथेही मासा घरीच जायचा. सोडून द्यायची पद्धत डीवर १९९५च्या सुमारास रुजली, तीही गरवणाऱ्यांनी आपणहून पाळली म्हणून. सॅमन समुद्रात पोसतो आणि अंडी घालायला जन्मनदीत परततो; परतणारेच कमी झालेत. २०२३ साली स्कॉटलंडभर गळाला लागलेले सॅमन ३२,४७७ भरले. १९५२ पासूनच्या नोंदींतला हा तोवरचा नीचांक. अशात गाभोळीची मादी ताटात घेणं म्हणजे बियाण्याचं भात कांडून खाणं.

हौस मात्र टिकून आहे. १ फेब्रुवारीला हंगाम उघडतो, बॅगपाइप वाजतात, नदीला व्हिस्कीचा घोट मिळतो. गळाला आमिष नसतं, पिसं आणि केस गुंडाळलेली 'फ्लाय' असते. गंमत म्हणजे नदीत शिरलेला सॅमन काही खातच नाही, तरी फ्लायवर झडप घालतो. का, यावर काठावर बसून कितीही वाद घाला! मागे झाडं असली की दोरी पाठीमागे भिरकावता येत नाही, म्हणून दोन हातांची लांब काठी आणि पाण्यावरूनच वळवून मारलेला फेक. त्याला शेजारच्या स्पे नदीचं नाव आहे.

सोडायचं कसं, हे नदीच्या आमच्या पट्ट्यावरचा गिली, म्हणजे तिथला जाणता माणूस, नवख्याला आधी शिकवतो. गळाला उलटा काटा ठेवायचा नाही. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात द्यायचा, शेपटीचा बुंधा सैल धरायचा आणि त्यानं स्वतः झटका देईपर्यंत थांबायचं. फोटोसाठी मासा छातीशी कवटाळणाऱ्यांचा मला राग येतो.

पण नुसतं सोडून भागत नाही. वरचं खोरं हरणांनी आणि मेंढ्यांनी चरून बोडकं केलंय, उन्हाळ्यात पाणी तापतं आणि ते पिलांना सोसत नाही. म्हणून नदीची संस्था २०३५ पर्यंत दहा लाख देशी झाडं लावायच्या मागे आहे. माझ्या मते व्हिस्कीपेक्षा नदीला या सावलीची गरज जास्त.

प्रश्न: सॅमनच्या फ्लायसाठी आपल्या रानकोंबड्याचं पीस वापरतात, हे खरं का? – एक पक्षीनिरीक्षक, चिपळूण

उत्तर: अगदी खरं. सह्याद्रीतला करडा रानकोंबडाच तो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेण सांडून वाळल्यासारखे पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. फ्लायच्या दोन्ही गालांना एकेक लावलं की छोट्या माशाचा डोळा वाटतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून ही पिसं इकडे येत. भारतानं निर्यात बंद केल्याला कैक दशकं लोटली. आता इकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात आणि चांगली महाग मिळतात. गावच्या रानात पडलेलं पीस भेट म्हणून कुणी पाठवू नका. १९७२चा वन्यजीव कायदा तिकडे आहे, कस्टम इकडे.

प्रश्न: ऑक्टोबरात लेकीकडे येतोय. जावयांना रविवारचीच सुट्टी. सॅमन गरवायला जाता येईल? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. रविवारी सॅमनवर गळ टाकायला स्कॉटलंडमध्ये कायद्यानंच मनाई आहे. इतर वारी इंग्लंडसारखं सरकारी लायसन लागत नाही, पण सॅमनचा हक्क खासगी मालकीचा असल्यानं लेखी परवानगी हवीच, आणि डीचा हंगाम १५ ऑक्टोबरला आटोपतो. त्यापेक्षा रविवारी बँकरीजवळ फ्यूख नदीचा जुना दगडी पूल गाठा. पाऊस होऊन पाणी चढलं असेल तर खालच्या खडकांवरून सॅमन उड्या मारताना दिसतील. जावयांना छत्री घ्यायला सांगा; मोकळी जागा आहे.