हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मोबाइल अ‍ॅपवर स्वतःच सांभाळता येतं का?

तुम्ही दापोलीजवळ राहता, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार) निघालंय, हृदयाचे डॉक्टर पुण्याला. मग अ‍ॅप टाकून घरच्या घरी भागेल का आणि कुठलं घ्यावं, असं विचारलंय. मी देवगड तालुक्यातली. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप आखडली, आणि आता सहा वर्षं ठोके कायमचेच बेताल आहेत. मोबाइलचा मला खूप उपयोग झाला, पण ज्या अ‍ॅपवर आधी भाळले त्याचा नव्हे.

ते पहिलं अ‍ॅप म्हणजे कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं. बाजूचा दिवा पेटतो, बोट लालभडक दिसतं. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त भरलं की प्रकाश जास्त शोषला जातो, तो चढउतार मोजून अ‍ॅप नाडी सांगतं. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला वीसेक वेळा बोट ठेवलं असेल. दरवेळी उत्तर एकच, ‘अनियमित’. अहो, ते तर मला माहीतच होतं! त्यात ओले काजूगर काढून बोटांची सालं गेलेली, मग ते म्हणायचं बोट नीट ठेवा. सासूबाई वैतागून म्हणाल्या, “गो, सारख्या त्या मोबाईलाक बोट लावलस तर छाती धडधडतलीच!”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गंमत दाखवली. माझं बोट फोनवर, त्यांचा स्टेथोस्कोप छातीवर. फोन म्हणाला ८४, त्यांनी मोजले १०४. या आजारात काही ठोके इतके दुबळे पडतात की बोटापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे फोनवरचा आकडा बघून ‘आज बरं आहे, गोळी अर्धीच घेऊ’ असं मी केलं असतं तर फसले असते.

तुमचं वेगळं असू शकतं. ठोके मधूनच बिघडतात आणि आपोआप ताळ्यावर येतात, असं असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं सरळ झालेलं असतं आणि ईसीजीत काही सापडत नाही. तिथे ईसीजी काढणारं घड्याळ किंवा फोनला जोडायची छोटी पट्टी कामाची. धडधड सुरू झाली की तीस सेकंद धरायचं आणि पीडीएफ डॉक्टरांना पाठवायची. पण असं घड्याळ किंवा पट्टी हृदयाकडे एकाच बाजूने बघते, हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत दुखत असताना घड्याळाकडे बघत बसू नका.

आता माझ्या खऱ्या कामाचं. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. माझी झडप आखडलेली, त्यामुळे मला नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफरिनच्या घराण्यातली घ्यावी लागते. तिच्यासाठी महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, तपासायचा आणि तो २ ते ३ मध्ये ठेवायचा. भाच्याने एक साधं अ‍ॅप टाकून दिलं. रात्री आठला ते गोळीची आठवण करतं आणि मी भरलेल्या आयएनआरची रेघ काढून दाखवतं. बस, एवढंच. (आधीच्या एकाने कॉन्टॅक्ट मागितले होते. माझ्या नाडीचा आणि नणंदेच्या नंबरचा संबंध काय? काढून टाकलं.)

दुसऱ्या वर्षी त्या रेघेत एक खड्डा दिसला. जूनमध्ये २.६, ऑगस्टमध्ये १.६. मागे सरकवून बघितलं तर आदल्या पावसाळ्यातही तसाच खड्डा. गोळी तर एकही चुकली नव्हती. डॉक्टरांनी फोन हातात घेतला, रेघ बघितली आणि विचारलं, “पावसात काय खाता?” काय खाणार! आषाढात टाकळा, श्रावणात अळू, शेजारून येईल तो पाला. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, ते या गोळीचा जोर मारतं. सुटा सुटा कागद दाखवला असता तर दरवेळी नुसता डोस वाढला असता. भाजी बंद करू नका, बारा महिने साधारण तेवढीच खा, असं त्यांनी सांगितलं. तुमची गोळी नव्यांपैकी असेल तर पाल्याची भानगड नाही, पण तिचा असर लवकर उतरतो, म्हणून वेळ चुकवून चालत नाही. चुकलीच तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका.

आणि पावसात लाइट जाते, फोन मरतो. एकदा दोन रात्री गजर वाजलाच नाही. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने खूणही करते. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एक हात लुळा पडला तर अ‍ॅप उघडू नका, १०८ लावा.

तुम्ही पुण्याला जाल तेव्हा दोनच गोष्टी विचारून घ्या: माझे ठोके येऊन-जाऊन बिघडतात की कायमचे, आणि नाडी कितीच्या वर गेली तर फोन करू? कुठलं अ‍ॅप हे त्यावर ठरेल. माझ्याकडे आता अळू आठवड्यातून एकदा, गुरुवारी. या ऑगस्टचा आयएनआर २.४ आला.