मार्चिंग बँडचे प्रॉप : पालकांनी हात कुठे लावावा, कुठे आवरावा

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या सहकारनगरच्या एका वाचकांनी कळवले आहे की, त्यांची मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या पथकात, क्लॅरिनेट वाजवते, तिथल्या बूस्टर क्लबने (बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाने) त्यांना प्रॉपच्या, म्हणजे मैदानावर मांडायच्या नेपथ्याच्या, गटात घेतले आहे, आणि पहिल्याच बैठकीत त्यांना बजावण्यात आले की कार्यक्रम सुरू असताना पालकांनी प्रॉप हलवायचा नाही. ‘मग आम्ही तिथे उभे तरी कशाला राहायचे?’ असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डिंग विभाग सांभाळून निवृत्त झालेले त्यांचे वडील गणपती आटोपल्यावर पुण्याहून तिकडे जाणार आहेत, त्यांनाही मदतीला नेता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली आहे.

नियम जाचक वाटला तरी त्यामागचे कारण सरळ आहे. हायस्कूलच्या बँडसाठी ‘बँड्स ऑफ अमेरिका’ १९७६ पासून राष्ट्रीय स्पर्धा घेत आली आहे, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये वाजवणाऱ्या पथकांच्या ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली, आणि बंदिस्त सभागृहातील प्रकारासाठी ‘डब्ल्यूजीआय’ ही वेगळी संस्था आहे. प्रत्येकीची नियमावली स्वतंत्र असून तिच्यात वेळोवेळी बदल होतात. तरीही मूळ भूमिका एकच आहे. परीक्षक केवळ वादन ऐकत नाहीत, डोळ्यांना काय दिसते यालाही गुण देतात, आणि त्यामुळे वादन टिपेला पोहोचत असताना जो कोणी मागचा पडदा फिरवतो तो त्या क्षणापुरता कलाकारच ठरतो. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाच्या प्रयोगात भरत नाट्य मंदिराच्या विंगेतून एखाद्याचे काका येऊन सेट फिरवू लागले, तर ते कोणी खपवून घेईल का? म्हणून प्रॉप मैदानावर आणणे, जागेवर लावणे आणि शेवटी बाहेर नेणे हे पालकांचे काम, मधल्या काळातील हालचाल विद्यार्थ्यांची. पालकांना सवलत मिळते ती साधारणपणे फक्त सुरक्षिततेसाठी, आणि तीही प्रेक्षकांना न दिसता.

ही सवलत नाममात्र नाही, कारण उघड्या मैदानावरचा खरा शत्रू वारा आहे. बँड्स ऑफ अमेरिकाने प्रॉपची उंची चाकांसह १२ फुटांवर रोखली आहे. आता १२ फूट उंच आणि ८ फूट रुंद अशी एक कापडी चौकट डोळ्यांसमोर आणा. ताशी २० मैल वेगाचा वारा समोरून आला की तिच्यावर सुमारे १०० पौंडांचा रेटा येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ३० मैलांना तोच रेटा दुपटीहून अधिक होतो, आणि चौकटीसमोर तर सोळा-सतरा वर्षांची मुले वाद्यांकडे लक्ष देऊन, मागे न पाहता, उलट्या पावलांनी चालत असतात. अशा दिवशी चौकटीमागे उकिडवे बसून, खालचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवणारा माणूस कोणाच्याही नजरेस पडत नाही, पण त्याच्या तिथे असण्यावर पुढच्या मुलांची डोकी शाबूत राहणे अवलंबून असते. वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

चाकांबाबत एक सवय लावून घ्यावी. ब्रेक पायाने दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो; तो ऐकल्याशिवाय हात सोडू नये, आणि गोंगाटात तो ऐकू येण्याची शाश्वती नसल्यामुळे चौकटीला एकदा हलका धक्का देऊन ती सरकत नाही ना, हे पाहावे. मैदानाभोवतीची धावपट्टी संपून कृत्रिम गवत सुरू होते तिथल्या कडेवर लहान चाके हमखास अडकतात. तिथे जोर लावून पुढे ढकलण्याऐवजी एकाने पुढून चाक किंचित उचलून घ्यावे.

सर्वांत कठीण असते ते हात आवरणे. पुण्याच्या मिरवणुकीत पथक वाजत असतानाही कोणी पाणी पाजतो, कोणी ढोलाची दोरी ओढून देतो, आणि ते कोणाला खटकत नाही, कारण तिथे गुण द्यायला कोणी बसलेले नसते. इथे मात्र बँडसोबत झेंडे फिरवणाऱ्या एखाद्या मुलीच्या हातून झेंडा निसटला किंवा एखादा छोटा ठोकळा कलंडला, आणि त्यापासून कोणाला इजा होण्याची शक्यता नसली, तर तो पडू द्यावा. धावून गेल्यास मदत होण्याऐवजी दंडाचे गुण मात्र पदरी पडू शकतात. ‘डावीकडे सरक’ असे ओरडणे हीसुद्धा बाहेरची मदतच समजावी. धोका आहे की नाही हे आयत्या वेळी दहा जणांनी ठरवू नये. बँड डायरेक्टरकडून त्यासाठी एक माणूस आधीच नेमून घ्यावा आणि त्याने खूण केली तरच उठावे.

वेळेचे गणितही पालकांवरच येते. बँड्स ऑफ अमेरिकाच्या प्राथमिक फेरीत मैदानावर येणे, सादरीकरण आणि बाहेर पडणे हे सर्व १५ मिनिटांत बसवावे लागते, आणि मुले शिस्तीत निघून गेल्यावर मागे रेंगाळतात ते बहुधा छायाचित्रे काढणारे बाबाच. गुण शंभरपैकी असले तरी निकाल दशांशात लागतात. १९९९ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनलचे विजेतेपद दोन संघांना विभागून मिळाले, दोघांचेही गुण ९८.४ होते. तेव्हा प्रॉप बाहेर काढण्याचीही घड्याळ लावून तालीम करावी.

आता आजोबांविषयी. अमेरिकेतील बहुतेक शाळा स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतात, आणि अल्पकाळासाठी आलेल्या पाहुण्यांचे घोडे तिथल्या ओळखपत्रापाशी अडते. परदेशी पासपोर्ट चालतो का, हे तिकीट काढण्यापूर्वीच शाळेच्या कार्यालयात विचारून घ्यावे. परवानगी मिळाली तरी रात्रीच्या थंडीत जड चौकटी ढकलण्याचे काम त्यांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पोहोचतील तोपर्यंत त्या चौकटी अनेकदा ट्रेलरमध्ये चढून-उतरून खिळखिळ्या झालेल्या असतील. कुठला जोड उलला आहे, कुठे तिरका आधार हवा, चाकाची पट्टी कुठे वाकली आहे, हे पालकांपैकी कोणापेक्षाही त्यांना लवकर दिसेल. वेल्डिंग त्यांनी स्वतः करू नये, शाळेच्या आवारात त्यासाठी वेगळी परवानगी लागते. मात्र शनिवारी सकाळी दुरुस्तीला बसणाऱ्या गटासोबत त्यांना हातात खडू देऊन बसवावे आणि त्यांनी खूण केलेली चौकट दुरुस्त झाल्याखेरीज ट्रेलरमध्ये चढवू नये.