आळू तांदळाच्या डब्यात, अटकं तळहातात: मे महिन्यातली रानफळं

नमस्कार. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सिंधुदुर्गात जाताय, बरोबर सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत, आणि करवंद-जांभळाखेरीज आणखी कोणती रानफळं त्यांना दाखवता, खायला देता येतील, असं तुम्ही विचारलंय. वेळ उत्तम निवडली आहे. पाऊस टेकला की यातली बरीच फळं पाणचट होऊन गळून जातात.

आधी तीन समजुती डोक्यातून काढून टाका, कारण मुलं नेमकी यांच्यावरच विसंबतात. पहिली, पांढरा चीक आला की फळ विषारी. करवंदाला चीक असतो, रांजण नावाच्या फळाला असतो आणि दोन्ही खायची फळं आहेत. याउलट काजऱ्याला, म्हणजे कुचल्याच्या झाडाला, चीक नाही, पण त्याच्या बिया जीव घेऊ शकतात. दुसरी, पक्षी खातात ते आपल्याला चालतं. काजऱ्याचं फळ धनेश आवडीने खातो. तिसरी, विषारी फळ कडूच लागणार. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, म्हणूनच मुलं मूठभर खातात आणि मग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जावं लागतं. सरसकट लागू पडेल असा नियम रानात नाही. एकेक झाड पान, काटा, फळ आणि बी पाहून ओळखायचं, तेही पहिल्या वेळी गावातल्या जाणत्या माणसाबरोबर.

आता खरी मजा. सुरुवात तोरणांनी करा. गोव्यात यांना चुन्नां म्हणतात. हे बोराच्याच कुळातलं, दुसऱ्या झाडांवर रेलून चढणारं झुडूप. पान रुंद, त्यावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, आणि पालथं केलं की खालून मऊ लव. फळ वाटाण्याहून थोडं मोठं, पिकलं की मेणासारखं पांढरं. हिरवट झाक असेल तर अजून कच्चं आहे, तुरट लागेल. गर अगदी पातळ आणि बी टणक, म्हणून एकेक खाण्यात अर्थ नाही. पाच-सहा एकदम तोंडात टाकायची, जिभेने गर सोडवायचा आणि बिया थुंकायच्या. काटे मागे वळलेले, आकड्यासारखे असतात. हात आत सहज जातो, ओढून बाहेर काढताना बाही फाडतो. अडकलात तर हात आणखी आत ढकलून काटा सोडवा, मग बाहेर काढा. साल नाजूक, घरी नेण्याच्या भानगडीत पडू नका. तोरणं झुडपाशीच खायची.

आळूवर जरा जास्त लिहितो, कारण चूक इथेच होते. वडीच्या अळूशी याचा काही संबंध नाही. हे लहानसं झाड आहे, पानं समोरासमोर, फांदीवर सरळ टोकदार काटे. फळ लहान चिकूएवढं, टोकाला पेरूसारखी पण बारीक वर्तुळखूण. झाडावरचं हिरवं फळ खाल्लंत तर तोंड आवळून येईल. गावात आळू उतरवून तांदळाच्या डब्यात किंवा गवताच्या पेंढ्यात पुरतात. पंधरा-वीस फळं घ्या, फुटकी आणि किडीचं भोक असलेली बाजूला काढा, उरलेली एकमेकांना चिकटू न देता तांदळात दडवा. दुसऱ्या दिवसापासून रोज हात घालून चाचपा. साल तपकिरी होऊन किंचित सुरकुतली आणि अंगठ्याने दाबल्यावर दबली की तयार. साधारण तीन-चार दिवस लागतात. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून रोज चाचपायचं. एक जरी सडलं तरी शेजारची दोन-तीन घेऊन जातं. पिकलेलं फळ हाताने फोडा. आतला तपकिरी गर गोड-आंबूस, चिंच आणि खजूर कालवल्यासारखा, आणि त्यात चार-पाच दगडासारख्या बिया. दात जपा.

आता धोक्याचं. आळूचा जवळचा नातलग गेळा, ज्याला मदनफळ म्हणतात. तोही काटेरी, त्याचीही पानं समोरासमोर, फळही त्याच आकाराचं आणि पिवळट. आयुर्वेदात मदनफळ उलटी करवण्यासाठीच वापरतात, त्यामुळे चुकून खाल्लं तर काय होईल हे सांगायला नको. फरक दोन ठिकाणी पाहा. गेळ्याच्या टोकावर फुलाच्या उरलेल्या भागाचा ठळक मुकुट असतो, आळूला नुसती वर्तुळखूण. खात्रीसाठी एक फळ सुरीने आडवं कापा. चार-पाच मोठ्या टणक बिया दिसल्या तर आळू. गरात बारीक चपट्या बियांचा गच्च गोळा दिसला तर गेळा. तो टाका, हात धुवा.

अटकं मुलांना हमखास आवडतील. गोव्यात हीच चाफरां. खोडावर काटे, फळ लालभडक, गोल, सुपारीहून लहान. झाडावरून काढून थेट खाल्लं तर आंबट-तुरट. दोन्ही तळहातांत धरून, पेढा वळतात तसं हलक्या हाताने फिरवा. मिनिटभरात आतून मऊ पडतं आणि तुरटपणा बराच उतरतो. जोर लावलात तर साल फुटून रस कोपरापर्यंत येतो. मुलांना हे काम द्या, अर्धा तास निवांत जाईल.

रांजणं मिळाली तर सोडू नका. इवलीशी, पिवळी, चिकूच्या कुळातली. ताजी तोडलेली खाल्ली की चिकाने ओठ चिकटतात. रात्रभर सुपात पसरून ठेवा, साल जरा कोमेजली की चीक कमी होतो आणि गोडी वाढते. ओठांना लागलेला चीक पाण्याने जात नाही. खोबरेल तेलाचा थेंब चोळा आणि मग पुसा. करवंदाच्या चिकालाही हाच उपाय. करवंद मुलांना माहीत असेलच, तरी खाण्याआधी "कोंबडा की कोंबडी?" विचारायला विसरू नका: गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी.

आंबगूळ, म्हणजे नेर्ली, आता सापडणार नाही, तिचा बहर उन्हाळ्याच्या तोंडाशीच आटोपतो. कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटमाथ्यावर गेलात तर पानाची पाठ बघा, चांदीचा मुलामा दिल्यासारखी चमकते. गुलाबी फळावर पांढरट खवल्यांची रांगोळी असते. ती फडक्याने पुसून मगच खा, नाहीतर घशात खवखवतं. टेंभरं (तेंदूची फळं) आणि चारं (चारोळीची फळं) हा जास्त करून विदर्भाचा मेवा.

काजरा मुलांना मुद्दाम दाखवा. कोकणात तो वाटेवाटेवर आहे. पानं चकचकीत, समोरासमोर, देठापासून तीन ते पाच शिरा. फळ छोट्या संत्र्याएवढं, गुळगुळीत, केशरी, चेंडू म्हणून खेळायला घ्यावं इतकं देखणं. आत बटणासारख्या चपट्या बिया, आणि विष मुख्यतः त्यांत. हात लावायचा नाही, एवढं पक्कं सांगा. कुंपणाचा मोगली एरंड आणि लाल-काळी गुंज हीही त्याच यादीत. घाणेरीची काळी फळं मुलं खातात, पण हिरवी विषारी असतात आणि घोसात दोन्ही शेजारी-शेजारी असतात, म्हणून तीही नकोच. यातलं काही पोटात गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न न करता, फळ-पान बरोबर घेऊन थेट सरकारी रुग्णालय गाठा.

बाकी व्यवहाराचं. सकाळी नऊच्या आत जा. झुडपात हात घालण्याआधी काठीने बुंधा आणि पालापाचोळा हलवा, करवंदाच्या जाळीखाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, बसलेलं असू शकतं. पूर्ण बाह्या, बंद बूट. तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी नजरेत ठेवा. नवीन फळ पहिल्या दिवशी प्रत्येकी दोन-तीनच, रिकाम्या पोटी नाही. घरी न्यायची फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, घाम सुटून दुपारपर्यंत आंबतात. बांबूची टोपली, तळाला पानं, आणि फळांचे दोनच थर.

फांदी मोडून फळं काढू नका, पुढच्या वर्षीचा बहर त्याच फांदीवर यायचा असतो. देवराईत आणि अभयारण्यात तर काहीच तोडायचं नाही. वाडीतल्या बायका कुड्याच्या किंवा पळसाच्या पानांच्या द्रोणांत रानमेवा विकतात, त्यांच्याकडून जरूर घ्या आणि घेताना झाड कुठे आहे ते विचारा. बहुतेक जणी मुलांना झाडापर्यंत नेऊन दाखवतात. गेळा आणि आळूतला फरक त्या नुसतं फळ हातात घेऊन सांगतील.