‘दहावीला ९५ होते, मग अकरावीत गणित का अडलं?’

‘मॅडम, दहावीला गणितात ९५ होते हिला. आता २५ पैकी ६. सायन्स काढून कॉमर्सला घालू का?’

अकरावीची पहिली चाचणी झाली, पेपर हातात पडले, की हा प्रश्न घेऊन पालक येऊ लागतात. मूल शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. घरी त्याचा निकाल आधीच लागलेला असतो: याचं डोकंच गणिताचं नाही. या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी वही मागते. का, ते एका मुलीच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.

मुलगी पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात सायन्सला होती. रात्री उशिरापर्यंत जागायची, पण गणिताच्या तासाच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. आई काळजीनं सगळं भरभर सांगत होती आणि मुलगी गप्प होती. ‘ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?’ असं म्हटल्यावर मुलीचे खांदे जरा सैल झाले.

वही अतिशय नीटनेटकी होती. ‘सरळ रेषा’ या धड्यातली समीकरणाची रूपं वेगवेगळ्या रंगांत लिहून चौकटीत बसवलेली: बिंदू-चढ रूप, चढ-अंतःखंड रूप, द्विबिंदू रूप, दुहेरी अंतःखंड रूप, लंब रूप. ‘रात्री सगळी पाठ असतात,’ ती म्हणाली, ‘पेपर समोर आला की कुठलं कशाला वापरायचं तेच कळत नाही.’

मी साधं गणित दिलं. (२, −३) या बिंदूतून जाणारी, ४ चढ असलेली रेषा, म्हणजे क्ष एकनं वाढला की य चारनं वाढतो. समीकरण लिही. तिनं सूत्र अचूक लिहिलं: य − य१ = चढ × (क्ष − क्ष१). आणि तिथेच पेन थांबलं. ‘२ कुठे घालायचे? क्ष मध्ये की क्ष१ मध्ये?’ चाचणीत असंच काहीसं गणित होतं. तिथे तिनं दोन्हीकडे तीच संख्या घातली होती, उत्तर ० = ० आलं, घाबरून तिनं अख्खं पान खोडलं आणि पुढची गणितं हातून गेली.

म्हणजे अडचण पूर्ण गणिताची नव्हती. ती एका ओळीत होती: दोन क्ष आहेत, त्यातला कोण काय करतो हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ० = ० सुद्धा चुकीचं विधान नाही. दिलेला बिंदू त्या रेषेवर आहे, एवढंच ते सांगतं. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली, ‘म्हणजे मी लिहिलेलं खोटं नव्हतं?’ खोटं नव्हतं, फक्त प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग सूत्राची चौकट झाकून ठेवली आणि दहावीकडे गेलो. तिथे निर्देशक भूमितीत ‘क ची किंमत काढा’ अशी गणितं असतात, ती तिला आवडायची. म्हटलं, (२, −३) आणि (५, क) यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ ४ आहे, क सांग. तिनं (क + ३) भागिले ३ बरोबर ४ मांडलं आणि क = ९ काढलं, बघता बघता.

‘आता मी ५ खोडते आणि ९ पण. दुसरा बिंदू कुठला ते सांगतच नाही. त्याला (क्ष, य) म्हण. चढ मात्र तोच राहिला पाहिजे. मांड.’

तिनं सावकाश लिहिलं: (य + ३) भागिले (क्ष − २) बरोबर ४. छेद पलीकडे नेला. य + ३ = ४(क्ष − २), म्हणजे य = ४क्ष − ११. मग माझ्याकडे न बघता तिनं स्वतःच क्ष च्या जागी ५ घालून पाहिलं आणि ९ आले.

बिंदू-चढ रूप म्हणजे एवढंच. एक बिंदू जागेवर रोवलेला, तो (क्ष१, य१). दुसरा रेषेवर कुठेही फिरणारा, तो (क्ष, य). तो कुठेही जावो, रोवलेल्या बिंदूशी त्याचा चढ बदलत नाही. म्हणून दिलेल्या संख्या रोवलेल्याच्या जागी जातात आणि फिरणारा मोकळा राहतो. −३ असेल तर वजा वजा मिळून अधिक ३ होतं, इथे मुलं फार घाई करतात. आणि भागाकाराचं रूप सोडून गुणाकाराचं घ्यायचं कारणही मुलांना सांगायला हवं: फिरणारा बिंदू रोवलेल्यावर आला की छेद शून्य होतो आणि भागाकार मोडतो, गुणाकार मोडत नाही. उभ्या रेषेला मात्र चढच नसतो, तिथे हे रूप लागू पडत नाही. ती नुसती क्ष = २ अशी लिहायची.

‘पण याचा उपयोग काय?’ हा तिचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. कॉलेजला ती कधी कधी रिक्षानं येते. पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला दर घेतला: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. बिंदू (१.५, २५), चढ १७. म्हणून दीड किलोमीटरपासून पुढे य − २५ = १७(क्ष − १.५). चार किलोमीटरला ६७ रुपये ५० पैसे. मीटर आपल्याला भाडं याच रूपात सांगतो, एक माहीत असलेली जागा आणि तिथून पुढचा दर. हेच सोडवून य = १७क्ष − ०.५ केलं तर समीकरण बरोबर राहतं, पण शून्य किलोमीटरला उणे ५० पैसे असं भाडं कुठल्याच रिक्षात नसतं. कुठलं रूप कधी घ्यावं हे तिला इथे कळलं, मला वेगळं सांगावं लागलं नाही.

द्विबिंदू रूपासाठी आधी चढ काढायचा आणि मग हेच. अंतःखंड म्हणजे रेषा अक्षाला जिथे छेदते तिथली किंमत. चढ-अंतःखंडात रोवलेला बिंदू य-अक्षावर असतो, (०, अंतःखंड). दुहेरी अंतःखंड म्हणजे दोन्ही अक्षांवर एकेक बिंदू. लंब रूपाची मांडणी वेगळी, ते तिनं नंतर सरांकडून समजून घेतलं.

आईला आत बोलावून मी तीन गोष्टी सांगितल्या. शाखा बदलायचा निर्णय पहिल्या सत्र परीक्षेपर्यंत थांबवा. दहावीचे गुण घरात पुन्हा पुन्हा काढू नका, कारण अकरावीचा वेग आणि आवाका खरोखरच वेगळा आहे. आणि ‘किती झालं?’ याऐवजी ‘कुठल्या ओळीवर थांबलीस?’ असं विचारा. उत्तर तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. आई म्हणाली, ‘मला तर समीकरणातलं ओ की ठो कळत नाही.’ त्यानं काही बिघडत नाही. मुलगी ती ओळ बोट ठेवून दाखवू शकली, तर शिक्षक पुढचं बघतील.

प्रत्येक मुलाचं असंच असेल असं मी म्हणत नाही. काहींना खरोखर दुसरी शाखा हवी असते आणि ती बदलण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय आवडीवरून व्हावा, खोडलेल्या एका पानावरून नको. आणि मूल जेवत नसेल, आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे, तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

ती सायन्समध्येच राहिली. सत्र परीक्षेत गुण ९५ च्या जवळपासही नव्हते, पण पास झाली आणि पोटदुखी थांबली. बारावीत असताना कॉलेजच्या जिन्यात भेटली. वर्गात वक्राच्या स्पर्शिकेचं समीकरण चालू होतं. म्हणाली, ‘मॅडम, बिंदू दिलेला असतो, चढ विकलजातून, म्हणजे डेरिव्हेटिव्हमधून काढायचा, मग आपलं तेच.’ आणि तासाला उशीर होतोय म्हणून धावत वर गेली.